विश्लेषण : दुचाकीच्या मीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला तर…? इंजिन वाचवण्यासाठी काय करावे?

अनेक दुचाकींच्या मीटरवर तेलाच्या झारीचे छोटे लाल चित्र असते. किल्ली फिरवली की ते दिसते, इंजिन सुरू झाले की नाहीसे होते आणि मग महिनोन्महिने त्याची आठवणही होत नाही. हेच चित्र चालत्या गाडीत उजळले, तर ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ असा विचार अनेक जण करतात. तेवढे अंतरही इंजिनाला महागात पडू शकते. शिवाय १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक दुचाकींत हा दिवा नसतोच. तो नेमके काय सांगतो, काय सांगत नाही आणि तो नसेल तर इंजिनाची काळजी कशी घ्यायची, याविषयी…

इंजिनात ऑइल काय काम करते?

इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर-खाली होतो. पिस्टन, सिलिंडर, कॅमशाफ्ट, बेअरिंग हे सगळे धातूचे भाग एकमेकांजवळून अतिशय वेगाने सरकत असतात. त्यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, म्हणून ते थेट घासले जात नाहीत.

घर्षण कमी करणे हे ऑइलचे पहिले काम. याशिवाय ते उष्णता वाहून नेते, ज्वलनातून तयार होणारी काजळी आणि धातूचा बारीक कीस स्वत:त धरून ठेवते, तसेच गंज रोखते. आपल्याकडील बहुतांश दुचाकी हवेवर थंड होणाऱ्या आहेत. त्यांत रेडिएटर नसतो. त्यामुळे इंजिन थंड ठेवण्याची मोठी जबाबदारी ऑइलवर येते. एवढी कामे करणारे हे ऑइल लहान मोटरसायकलमध्ये असते अवघे एक लिटरच्या आसपास. त्यातले पाव लिटर कमी झाले, तरी उरलेल्या ऑइलवर ताण वाढतो.

लाल दिवा कशाची सूचना देतो?

इथेच सर्वाधिक गैरसमज आहे. ‘ऑइल कमी झाले की दिवा लागतो’ असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात बहुतेक दुचाकींत हा दिवा ऑइलचे प्रमाण मोजत नाही. तो ऑइलचा दाब पाहतो.

इंजिनातील पंप तळाचे ऑइल खेचून बारीक वाटांनी वरपर्यंत पोहोचवतो. या वाटेवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. दाब ठरावीक मर्यादेपेक्षा खाली गेला की स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. किल्ली फिरवल्यावर पंप फिरत नसतो, दाब शून्य असतो, म्हणून दिवा दिसतो. इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत दाब तयार होतो आणि तो विझतो.

याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे, ऑइलची पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली तरी पंपाला ऑइल मिळते आहे तोवर दिवा लागणार नाही. पंप ऑइलऐवजी हवा खेचू लागला की मगच तो लागेल. म्हणजे ही पहिली सूचना नसून शेवटची असते. दुसरे म्हणजे, किल्ली फिरवल्यावर दिवा दिसलाच नाही, तर आनंद मानू नये. बल्ब गेला असेल किंवा वायर तुटली असेल. तसे असेल तर खरा बिघाड झाला तरी दिवा गप्पच राहील.

काही दुचाकींत पातळी मोजणारा वेगळा सेन्सर असतो. तो चढावर किंवा गाडी कलती असताना क्षणभर चुकीची सूचना देऊ शकतो. आपल्या गाडीत दिवा दाबाचा आहे की पातळीचा, हे सोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते.

प्रत्येक दुचाकीत हा दिवा का नसतो?

जास्त क्षमतेच्या, विशेषत: एकापेक्षा अधिक सिलिंडर असलेल्या इंजिनांत क्रँकशाफ्ट सहसा गुळगुळीत साध्या बेअरिंगवर फिरतो. तिथे दाबाखाली आलेल्या ऑइलच्या थरावर तो अक्षरश: तरंगत असतो. दाब गेला की काही क्षणांत धातूला धातू लागतो. म्हणून अशा गाड्यांत दिवा आवश्यक ठरतो.

लहान एकसिलिंडर इंजिनांत क्रँकला प्रामुख्याने बॉल आणि रोलर बेअरिंग असतात. त्यांना मोठ्या दाबाची गरज नसते. ऑइल पोहोचत राहिले की पुरते. त्यामुळे दिव्याचा खर्च टाळला जातो. पण अशा इंजिनाला ऑइल कमी पडले तर चालते, असा याचा अर्थ नाही. पिस्टन आणि कॅमशाफ्टचे नुकसान तिथेही होते, फक्त ते सांगणारे कोणी नसते.

आणखी एक गल्लत होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर नव्या दुचाकींवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा दिसू लागला. तो इंधनपुरवठा, सेन्सर आणि उत्सर्जनाशी संबंधित बिघाड सांगतो. तो ऑइल मोजत नाही. ‘पिवळा दिवा लागलेला नाही, म्हणजे ऑइल ठीक आहे’ असा निष्कर्ष काढू नये.

चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर?

अॅक्सिलरेटर सोडावा, क्लच दाबावा, मागची वाहने पाहून गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन लगेच बंद करावे. घाटात असाल तर वळणावर न थांबता सुरक्षित जागा गाठून थांबावे. इथे घाई इंजिनासाठी आहे तशी जिवासाठीही. ऑइलविना तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘सीज’ झाले, तर मागचे चाक अचानक जाम होऊ शकते. वेगात असताना असे झाल्यास गाडी घसरते. क्लच दाबल्यास चाक इंजिनापासून सुटे होते, म्हणून बोटे क्लचवर ठेवावीत.

थांबल्यावर गाडीखाली ऑइल ठिबकते आहे का, ते पाहावे. इंजिन थोडे निवल्यावर पातळी तपासावी. ती कमी असेल तर योग्य ऑइल घालून इंजिन सुरू करावे. काही क्षणांत दिवा विझला तर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल. पातळी व्यवस्थित असूनही दिवा कायम असेल, तर पंप, तुंबलेली जाळी किंवा स्विच यांपैकी कशात तरी दोष आहे. दोष केवळ स्विचचा असण्याची शक्यता असते, पण ते रस्त्यावर ठरवता येत नाही. अशा वेळी गाडी टेम्पोत घालून किंवा न्यूट्रलमध्ये ढकलत न्यावी. गिअरमध्ये टाकून ‘धक्का स्टार्ट’ करू नये.

ऑइल गळत नसेल तर कमी कसे होते?

थोडे ऑइल प्रत्येक इंजिन जाळते. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हचे सील कडक झाले की हे प्रमाण वाढते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. काळा धूर बहुधा जास्त पेट्रोल जळत असल्याचे सांगतो. थंड सकाळी दिसणारी आणि लगेच थांबणारी पांढरी वाफ काळजीची नसते.

गळतीही नेहमी डबक्यासारखी दिसत नाही. ड्रेन बोल्टचा जुना वॉशर, हेडचे गॅस्केट, गिअर शाफ्टचे सील यांतून ऑइल पाझरते आणि त्यावर धूळ बसून काळा थर तयार होतो. इंजिनाचा एखादाच भाग सतत चिकट दिसत असेल, तर तो मेकॅनिकला दाखवावा.

पातळी घरी कशी तपासावी?

दर आठवड्याला किंवा पेट्रोल भरताना दोन-तीन वेळांतून एकदा हे करावे. पाच मिनिटे पुरतात.

• गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर किंवा सरळ उभी करावी. साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते.

• इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे आणि ऑइल तळाशी उतरण्यासाठी तेवढाच वेळ थांबावे.

• ऑइलची कांडी काढून स्वच्छ कापडाने पुसावी, पुन्हा घालून बाहेर काढावी. अनेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते, काहींत पूर्ण आवळून. माहितीपुस्तिका पाहावी.

• ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असावे. काही गाड्यांत कांडीऐवजी इंजिनाच्या बाजूला काचेची खिडकी असते.

‘थोडे जास्त असलेले बरे’ म्हणून वरच्या खुणेपलीकडे भरू नये. फिरणारे भाग जादा ऑइल घुसळतात, फेस होतो, आतला दाब सीलवर येतो आणि ऑइल एअर फिल्टरपर्यंत पोहोचू शकते.

ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले का?

केवळ रंगावरून तसे म्हणता येत नाही. काजळी धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे, त्यामुळे ते काळे पडणारच. काळजी करावी अशी लक्षणे वेगळी आहेत. ऑइल दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी आहे. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर पेट्रोल मिसळते आहे. बदलताना बाहेर आलेल्या ऑइलमध्ये धातूचे चमकणारे तुकडे दिसले, तर आत काहीतरी झिजते आहे.

मुंबईत पाणी तुंबते किंवा कोल्हापूर-सांगलीत पूर येतो, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे. इंजिन पाण्यात बुडाले असेल तर ‘सुरू होते का पाहू’ म्हणून बटण दाबू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग, एअर फिल्टर आणि ऑइल तपासून घ्यावे. ऑइल दुधाळ असेल तर बदलावे.

कारचे ऑइल दुचाकीत चालेल का?

बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल असते. क्लच प्लेटा त्यातच बुडालेल्या असतात. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असतात. ती क्लचला मानवत नाहीत. क्लच घसरू लागतो, इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. म्हणून मोटरसायकलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘जासो एमए२’ ही खूण पाहावी. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो आणि गिअर ऑइल वेगळे, त्यामुळे तिथे ‘जासो एमबी’ ऑइल चालते.

डब्यावरील १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० हे आकडे ऑइलचा दाटपणा सांगतात. पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला. ‘जाड ऑइल म्हणजे मजबूत ऑइल’ ही समजूत चुकीची आहे. पातळ ऑइलसाठी घडवलेल्या इंजिनात दाट ऑइल घातले, तर सकाळी सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि मायलेजही घटते. कंपनीने सांगितलेला दर्जाच वापरावा आणि पॅकबंद डबा आपल्यासमोर फोडून घ्यावा.

ऑइल किती किलोमीटरनंतर बदलावे?

मॉडेलनुसार हा आकडा साधारण ३,००० ते ६,००० किलोमीटर असतो, काही मोठ्या इंजिनांत १०,००० पर्यंत. गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलणे योग्य. नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग टाळू नये, कारण सुरुवातीला नवे भाग एकमेकांत बसताना सर्वाधिक कीस निघतो. अनेक लहान मोटरसायकलींत कागदी ऑइल फिल्टर नसतो. तारेची जाळी आणि फिरत्या भांड्यासारखा फिल्टर असतो. बारीक कीस पूर्णपणे बाहेर काढण्याचा तिथे मार्ग म्हणजे वेळेवर ऑइल बदलणे.

डिलिव्हरी करणाऱ्या तरुणांनी केवळ किलोमीटर मोजू नयेत. पुणे-मुंबईच्या कोंडीत गाडी कमी अंतर कापते, पण इंजिन तासन्‌तास चालू आणि तापलेले राहते. ज्यांची दिवसाची कमाईच गाडीवर आहे, त्यांनी ऑइल ठरलेल्या मुदतीच्या थोडे आधी बदलणे फायद्याचे. एका डब्याचा खर्च आणि सिलिंडर, पिस्टन, क्रँक बदलण्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. त्यात गाडी गॅरेजमध्ये असतानाचे बुडालेले दिवस वेगळेच. ऑइल बदलतानाच एअर फिल्टर, प्लग, टॅपेट आणि चेनचा ताणही तपासून घ्यावा. धूळभरल्या फिल्टरमुळे किंवा बिघडलेल्या प्लगमुळे ज्वलन नीट झाले नाही, तर नवे ऑइलही लवकर खराब होते.

काढलेल्या जळक्या ऑइलचे काय करावे?

ते चेनवर ओतण्याची पद्धत सर्रास आहे. पण त्यातला धातूचा कीस चेनला कानशीसारखा घासतो. गटारात किंवा शेतात ओतल्यास पाणी आणि माती दूषित होते. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाणे अपेक्षित आहे. घरी ऑइल बदलल्यास ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, असे ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावे.