देणगी मिळालेली भूमी : यहोशवा आणि शास्ते हे ग्रंथ कसे वाचावेत?

रविवारच्या मिस्साबलिदानात, तीन वर्षांच्या संपूर्ण वाचनचक्रात, यहोशवाच्या ग्रंथातील उतारा आपल्या कानी केवळ दोनदा पडतो. शास्ते या ग्रंथातील तर एकही नाही. त्यामुळे घरी बायबल उघडून सलग वाचू लागलेला भाविक या दोन ग्रंथांपाशी येऊन थबकतो. यार्देन नदी दुभंगते, यरीहोचा तट कोसळतो, तोवर मन आनंदाने भरून येते. पण पुढच्याच वचनात नगरातील आबालवृद्धांचा, गुराढोरांसकट, संहार होतो. प्रेमळ पित्याने अशी आज्ञा कशी दिली असेल? हा प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. प्रश्न विचारल्याशिवाय या ग्रंथांचा खरा अर्थ उलगडत नाही.

एकच इतिहास, दोन कथने

मोशेच्या मृत्यूनंतर यहोशवाने इस्राएलचे नेतृत्व स्वीकारले. त्याच्या नावाच्या ग्रंथात २४ अध्याय आहेत. पहिल्या १२ अध्यायांत कनान देशावरील स्वाऱ्या आहेत, १३ ते २१ या अध्यायांत वंशावंशांत झालेली भूमीची वाटणी आहे आणि शेवटी शखेम येथे झालेले कराराचे नूतनीकरण आहे.

त्यानंतर शास्ते हा ग्रंथ येतो. शास्ते म्हणजे केवळ न्यायनिवाडा करणारे अधिकारी नव्हेत, तर संकटकाळी देवाने उभे केलेले पुढारी. दबोरा, गिदोन, इफ्ताह, शमशोन असे एकूण १२ शास्ते या ग्रंथात भेटतात. लोक देवाला विसरतात, शत्रूच्या हाती सापडतात, आक्रोश करतात आणि देव त्यांना सोडवणारा पाठवतो. हे चक्र पुनःपुन्हा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात इस्राएल थोडे अधिक खाली घसरते.

दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. यहोशवाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी सर्व देश जिंकला गेल्याचे म्हटले आहे, तर तेराव्याच्या आरंभी वृद्ध यहोशवाला देव सांगतो की, अजून पुष्कळ भूमी घ्यावयाची राहिली आहे. हासोर नगर यहोशवाने जाळले, पण शास्ते ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात हासोरचा राजा याबीन इस्राएलवर जुलूम करताना दिसतो. यबूसी लोक यरुशलेमेत राहिले, कनानी लोक गेजेरात राहिले. ग्रंथ संकलित करणाऱ्यांनी ही विसंगती पुसून टाकली नाही. दोन्ही साक्षी त्यांनी जपून ठेवल्या.

उत्खननाची साक्ष

ब्रिटिश संशोधिका कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहो येथे उत्खनन केले. यहोशवाच्या काळातील म्हणून ज्या भिंती पूर्वी दाखवल्या जात, त्या कितीतरी शतके अगोदरच्या असल्याचे त्यांनी सिद्ध केले. आय या नगराची जागा मानली जाणारी टेकडीही त्या काळी ओसाडच होती. उलट हासोर येथे इ. स. पूर्व तेराव्या शतकातील मोठ्या आगीच्या खुणा सापडल्या. इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास डोंगराळ भागात दोनशेहून अधिक लहान खेडी नव्याने वसल्याचेही आढळले. इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या इ. स. पूर्व १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात ‘इस्राएल’ हे नाव येते. बायबलबाहेर या लोकांचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख होय.

यावरून अनेक अभ्यासक असे मानतात की, इस्राएल या भूमीत एका झंझावाती मोहिमेने नव्हे, तर हळूहळू वसले. शास्ते ग्रंथाचा पहिला अध्याय याच चित्राच्या अधिक जवळ जातो.

कोणासाठी लिहिले?

मग यहोशवाचे विजय इतक्या ठळकपणे का रंगवले? या ग्रंथांत पुरातन परंपरा आहेत, पण त्यांना आजचे रूप घटनांनंतर कित्येक शतकांनी, मुख्यतः इ. स. पूर्व सातव्या-सहाव्या शतकांत मिळाले, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडले आणि लोक बाबिलोनला बंदिवासात गेले. भूमी गमावून बसलेल्यांसाठी भूमी मिळाल्याची ही कथा पूर्ण झाली. आपण ही भूमी का गमावली, हा त्यांचा जिव्हाळ्याचा प्रश्न होता. उत्तर असे होते : ती आपल्या तलवारीने मिळालीच नव्हती. देवाने ती दिली होती आणि आपण देवाला सोडले.

संहाराचे उतारे

देवाने आपले प्रकटीकरण इतिहासात टप्प्याटप्प्याने केले. जुन्या करारात अपूर्ण आणि तात्पुरत्या गोष्टीही आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० साली बायबलमधील अशा अंधाऱ्या उताऱ्यांचा उल्लेख करून, ते टाळू नयेत, तर ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचावेत, असे शिकवले. तिसऱ्या शतकात ओरिजेन यांनीही या लढायांत अंतःकरणातील पापाशी चाललेले युद्ध पाहिले होते. ‘यहोशवा’ आणि ‘येशू’ ही मुळात एकच नावे आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

शिवाय या ग्रंथांच्या पोटातच एक इशारा आहे. यरीहोपुढे यहोशवाला हाती उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष दिसतो. तू आमच्या पक्षाचा की शत्रूच्या, असे यहोशवा विचारतो. उत्तर नकाराचे येते : तो परमेश्वराच्या सेनेचा सेनापती आहे. देव कोणाच्याही पक्षात नाही. म्हणूनच कनानी राहाब वाचते आणि इस्राएली आखान दंड भोगतो. पुढे मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशूच्या वंशावळीत राहाबचे नाव येते. आणि शास्ते ग्रंथाच्या शेवटी काय घडते? परक्यांवर उगारलेली संहाराची तलवार इस्राएल आपल्याच बिन्यामीन वंशावर आणि याबेश-गिलाद नगरावर चालवते. देवाच्या नावाने उपसलेली तलवार अखेर भावाच्या गळ्यापर्यंत पोहोचते.

वाटणीतील न्याय

भूमीवाटणीची प्रकरणे आपण कंटाळून उलटतो. पण सलाफहादाला पुत्र नव्हते, म्हणून त्याच्या पाच मुलींना वतन मिळाले. हातून नकळत मनुष्यवध झालेल्यासाठी ६ आश्रयनगरे राखून ठेवली गेली. लेव्यांना ४८ नगरे मिळाली. आणि सर्वांची वाटणी पूर्ण झाल्यावर, सर्वांत शेवटी, नेत्याने स्वतःचा वाटा घेतला.

शखेम येथे देव लोकांना आठवण करून देतो की, ज्या भूमीसाठी तुम्ही श्रम केले नाहीत, ती तुम्हांला मिळाली आहे. भूमीचा धनी देव आहे, आपण तिच्यावरील पाहुणे आहोत. ही जाणीव हरपली की शेताच्या बांधावरून भाऊ भावाचा वैरी होतो, आणि राष्ट्रे धर्मग्रंथ हाती घेऊन एकमेकांची घरे पाडतात. म्हणून हे ग्रंथ आपण जिंकण्याचा परवाना म्हणून नव्हे, तर आत्मपरीक्षणासाठी वाचू या. आरंभ यहोशवाच्या चोविसाव्या अध्यायापासून करावा. कोणाची सेवा करावयाची, हे आजच ठरवा, असे आवाहन तेथे आपली वाट पाहत आहे.