फुकटच्या अन्नावर लवकर निवृत्ती?

नोकरीच्या ताणातून लवकर सुटावे म्हणून अमेरिकेत काही लोक ‘फ्रीगन’ होतात. सुपरमार्केटच्या कचरापेटीतले चांगले अन्न उचलायचे, विकत शक्य तितके कमी घ्यायचे, म्हणजे पगाराची गरज घटते. नासाडीवर ते बरोबर बोट ठेवतात. फ्रान्सने २०१६ मध्ये मोठ्या दुकानांना न विकलेले अन्न मुद्दाम नासवण्यास बंदी केली.

पण त्यांनी जे हौसेने पत्करले, ते आपल्या आजा-पणजांवर लादलेले होते. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी उष्टे-शिळे तुकडे खाणे सोडा, असे सांगितले.

आरोग्याचेही पाहा. शिजवलेले अन्न २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. काही जंतूंचे विष उकळूनही जात नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची मुदत. ‘एक्स्पायरी’ उलटलेले मात्र खाऊ नका.

घ्यायचे ते एवढेच : बेताचे रांधा, दिखाव्यासाठी कर्ज काढू नका. पीएफ कापला जात असेल तर पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी लागते, हे राजीनाम्यापूर्वी तपासा. ताण असह्य झाला तर सरकारच्या ‘टेली मानस’ला १४४१६ वर फोन करा, मराठीत, मोफत बोलता येते.