शेवंडीची गाभोळी कशी मोजतात?

अनुवादाच्या पुस्तकातील २२व्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले आणि आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिले घ्यावीत. आईला मात्र सोडून द्यावे. शेवंडीच्या बाबतीत अशी निवड करता येत नाही. तिची अंडी घरट्यात नसतात, तिच्याच पोटाखाली चिकटलेली असतात. आई पकडली की पुढची पिढीही जाळ्यात येते.

समुद्रातील शेवंडी वर्षाला किती अंडी देतात, याचा अंदाज म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. प्रत्येक मादी मोजणे अर्थातच अशक्य. त्यामुळे शास्त्रज्ञ हे काम तीन टप्प्यांत करतात.

प्रथम एका मादीची अंडी मोजली जातात. अंड्यांच्या पूर्ण घोसाचे वजन करून त्यातील चिमूटभर भाग वेगळा तोलतात, त्यातील अंडी मोजतात व त्या प्रमाणात एकूण संख्या काढतात. लहानमोठ्या अनेक माद्यांची अशी मोजणी केली की आकार व अंडी यांचे नाते कळते. अमेरिकन शेवंडीची अर्धा किलोची मादी सुमारे ८ हजार, तर चार किलोची सुमारे १ लाख अंडी वाहते.

दुसऱ्या टप्प्यात, कोणत्या आकाराच्या किती माद्या आहेत आणि त्यांपैकी किती वयात आल्या आहेत, हे नमुन्यांवरून ठरवतात. सर्व आकारांच्या शेवंडी सापळ्यात सारख्याच सापडत नाहीत, याचे भान येथे ठेवावे लागते.

शेवटी गुणाकार येतो. समजा, १,००० प्रौढ माद्यांपैकी निम्म्यांनी त्या वर्षी सरासरी १० हजार अंडी घातली, तर एकूण ५० लाख अंडी होतात. त्यांतील दहावा हिस्सा उबण्यापूर्वी गळून पडला, तर ४५ लाख उरतात. अमेरिकन शेवंड अंडी नऊ ते अकरा महिने वाहते; उष्ण समुद्रातील काटेरी शेवंडी वर्षातून अनेकदा अंडी देऊ शकतात. तो फरकही हिशेबात धरावा लागतो.

या आकड्यांवरून नियम ठरतात. अमेरिकेतील मेन राज्यात अंडीवाली मादी सापडली की मच्छीमार तिच्या शेपटीला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच पाडून तिला सोडून देतात. पुढे ती अंड्यांविना सापडली, तरी ती खाच पाहून तिला पुन्हा समुद्रात सोडावे लागते.

आपला अनुभव वेगळा आहे. मुंबईच्या समुद्रातील चपट्या शेवंडीची मासेमारी १९९४पर्यंत कोलमडली. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आहे. २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली: चपट्या शेवंडीसाठी १५० ग्रॅम, तर आपल्याकडील चिखलातील काटेरी शेवंडीसाठी ३०० ग्रॅम. परंतु हा नियम निर्यातीपुरता आहे. गावच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या शेवंडीला तो लागू नाही.

हाती आलेली भरलेली मादी परत पाण्यात सोडणे कोळीबांधवांना परवडणारे नसते, हे मान्य करावे लागेल. त्यागाचा भार एकट्या मच्छीमारावर टाकणे न्यायाचे नव्हे. गिऱ्हाईक म्हणून आपण गाभोळीची शेवंड नाकारली, तर तिला सोडून देणे त्यालाही सोपे जाईल. अनियंत्रित मासेमारीमुळे काही जाती झपाट्याने घटत आहेत, ही खंत दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात व्यक्त केली होती. आईला सोडून देण्याची ती जुनी आज्ञा आज आपल्या बाजारापर्यंत येऊन पोहोचली आहे.