पडद्यावरच्या आखाड्याचा वस्ताद

गावातली तालीम आपण पाहिलेली आहे. आत तांबडी माती असते. पोरे घाम गाळत असतात. कडेला वस्ताद उभा असतो. तो स्वतः लढत नाही. त्याचे लढायचे वय केव्हाच मागे पडलेले असते. पण त्याच्या शब्दावाचून तालमीत पान हलत नाही. "पाय आत घे." "मान सोडू नकोस." "बस, आज पुरे." तो असे सांगतो आणि पैलवान ऐकतो. मैदानात नाव होते ते पैलवानाचे. पण त्या नावामागे वस्तादाची कित्येक वर्षे असतात.

आज आम्ही तुम्हांला एका निराळ्या तालमीची माहिती सांगणार आहोत. या तालमीत माती नाही, कॉम्प्युटर आहेत. इथला पैलवान खुर्चीवर बसतो. त्याच्या एका हाताखाली कीबोर्ड असतो, दुसऱ्या हाताखाली माउस असतो. आणि मागे उभा असतो वस्ताद. त्याला तिथे कोच किंवा प्रशिक्षक म्हणतात.

तुम्ही म्हणाल, "कॉम्प्युटरवरच्या खेळाला कसला आलाय वस्ताद? पोरं तर आपली आपण शिकतात!" हा प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर आता पाहू.

हा खेळ आहे तरी कसा?

कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर नियम ठरवून, संघ करून स्पर्धा खेळतात. तिला ई-स्पोर्ट्स म्हणतात. यातले काही खेळाडू पगारी असतात. खेळ हाच त्यांचा धंदा असतो. दक्षिण कोरिया देशात ही स्पर्धा फार जुनी आणि फार लोकप्रिय आहे.

असाच एक खेळ म्हणजे 'लीग ऑफ लीजेंड्स'. यात दोन संघ असतात. प्रत्येक संघात पाच खेळाडू. पडद्यावर एक मैदान दिसते. मैदानाच्या एका कोपऱ्यात एका संघाचा गड, समोरच्या कोपऱ्यात दुसऱ्याचा. मध्ये तीन वाटा आणि जंगल. प्रत्येक खेळाडू एकेक वीर निवडतो आणि त्याला चालवतो. समोरच्याचा गड आधी फोडील तो संघ जिंकला. एक डाव साधारण अर्धा तास चालतो.

या खेळात दीडशेहून जास्त वीर आहेत. कोणी धनुर्धारी, कोणी ढालकरी, कोणी जादूगार. एक वीर दुसऱ्याला भारी पडतो, तर तिसऱ्यापुढे कमी पडतो. शिवाय खेळ बनवणारी कंपनी दर काही आठवड्यांनी त्यात बदल करते. काल जो वीर जोरात होता तो आज दुबळा होतो. म्हणजे एकदा शिकून भागत नाही. सारखे शिकावे लागते.

वस्तादाचे रोजचे काम

पाच चांगले खेळाडू एकत्र बसवले की चांगला संघ होतो, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. पाच बैल दमदार असतील, पण पाच दिशांना ओढू लागले तर गाडी हलेल का?

खेळताना प्रत्येकाचे डोळे आपल्यापुढच्या पडद्यावर असतात. आपण काय केले एवढेच त्याला आठवते. प्रशिक्षक मात्र पाचही जणांचा खेळ पाहतो. म्हणून रोज दुसऱ्या संघाबरोबर सरावाचे डाव होतात. ते सगळे टिपून ठेवतात. मग सारे एकत्र बसून ते पुन्हा पाहतात. प्रशिक्षक मध्येच चित्र थांबवतो आणि विचारतो, "इथे तू एकटा पुढे गेलास. तुझे जोडीदार तेव्हा कुठे होते?" खेळाडूला वाटत असते की साथीदाराने घात केला. चित्रात दिसते की त्याने साथीदाराला हाकच दिली नव्हती.

चूक चारचौघांत सांगायची, पण माणूस दुखावला जाऊ नये अशी सांगायची. हे काम सोपे नाही. पोरे अठरा-वीस वर्षांची असतात. पैसा आणि नाव लवकर मिळालेले असते. अशा पोराला "तू चुकलास" असे सांगणारा कोणीतरी लागतो. तो नसला तर संघात एकमेकांवर खापर फोडणे सुरू होते.

मैदानावरची दहा मिनिटे

डाव सुरू होण्याआधी वीरांची निवड असते. प्रशिक्षकाचे कसब लोकांना दिसते ते इथेच. प्रत्येक संघ समोरच्याचे पाच वीर बाद करतो. म्हणजे ते वीर त्या डावात कोणालाच घेता येत नाहीत. दोन्ही संघ आळीपाळीने आपापले पाच वीर निवडतात. प्रशिक्षक वही घेऊन खेळाडूंच्या मागे उभा असतो. समोरचा काय घेईल, आपण काय राखून ठेवावे, हे तो खेळाडूंशी बोलून ठरवतो.

२०२५ साली मोठ्या स्पर्धांत आणखी एक कडक नियम आला. एकदा घेतलेला वीर त्या सामन्याच्या पुढच्या डावांत कोणालाच घेता येत नाही. एका डावात दहा वीर खर्ची पडतात. सामना पाचव्या डावापर्यंत गेला, तर चाळीस वीर आधीच संपलेले असतात. चांगले बी पहिल्याच पेरणीत संपवणारा शेतकरी पुढे अडचणीत येतो. तसेच हे आहे. कोणता वीर आज काढायचा आणि कोणता पाचव्या डावासाठी राखायचा, हा हिशेब प्रशिक्षकाला आधीच मांडावा लागतो.

निवड संपली की दोन्ही प्रशिक्षक हात मिळवतात आणि मंचावरून निघून जातात. डाव चालू असताना त्यांनी एक शब्दही सांगायचा नाही. २०२५ च्या जागतिक स्पर्धेपर्यंत हीच रीत होती. पुढचा अर्धा तास खेळाडूंचा. जे शिकवले तेवढेच कामाला येणार.

एका वस्तादाची हकीकत

कोरियातले एक प्रशिक्षक आहेत किम जोंग-ग्युन. त्यांना सगळे 'कोमा' म्हणतात. कोरियन भाषेत याचा अर्थ चिमुरडा. आधी ते स्वतः खेळाडू होते. मग टी-वन नावाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. २०१३ साली त्यांच्या संघाने जागतिक स्पर्धा जिंकली. त्या संघात ली सांग-ह्योक हा सतरा वर्षांचा मुलगा होता. आज 'फेकर' या नावाने तो जगभर ओळखला जातो.

पुढच्याच वर्षी हा संघ जागतिक स्पर्धेपर्यंत पोचलाही नाही. २०१५ साली तो पुन्हा जिंकला. मग आले २०१६ साल. न्यूयॉर्क शहरात उपांत्य सामना होता. पाचांपैकी तीन डाव जिंकायचे होते. टी-वन संघ दोन विरुद्ध एक असा मागे पडला. आणखी एक डाव गेला की संपले.

अशा वेळी प्रशिक्षकांनी एक खेळाडू बाहेर काढला. बसून राहिलेला 'बेंगी' हा जुना गडी आत आणला. त्याला वीर दिला तो भाला फेकणारी आणि बिबट्यासारखे रूप घेणारी निडाली. बेंगीने मोठ्या सामन्यात ती कधीच खेळवली नव्हती. पाहणारे चकित झाले. पण तो डाव टी-वनने जिंकला. त्यानंतरचाही जिंकला. पुढे अंतिम सामनाही मारला.

डाव फसला असता तर लोकांनी प्रशिक्षकालाच दोष दिला असता. हे त्यांना ठाऊक होते. तरी निर्णय त्यांनी घेतला. वस्तादाची किंमत अशा वेळी कळते.

२०१७ साली मात्र हा संघ अंतिम सामन्यात तीन डाव ओळीने हरला. फेकर मंचावर ढसाढसा रडला. २०१९ नंतर कोमा तो संघ सोडून गेले. दुसऱ्या संघांना त्यांनी शिकवले.

२०२३ साली चीनमधल्या हांगझाऊ शहरात आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत ई-स्पोर्ट्सना प्रथमच पदके होती. कोरियाच्या संघाचे प्रशिक्षक कोमा होते. कोरियात तरुणांना सक्तीने लष्करात जावे लागते. आशियाई सुवर्णपदक मिळाले तर त्यातून सूट मिळते. म्हणजे पदकाबरोबर पोरांच्या आयुष्याची दीड वर्षे पणाला लागली होती. आणि त्याच दिवसांत फेकर आजारी पडला. प्रशिक्षकांनी त्याचे मोठे नाव पाहिले नाही, त्याची प्रकृती पाहिली. त्याच्या जागी दुसरा खेळाडू खेळला. कोरियाने सुवर्ण जिंकले. फेकरलाही संघातला म्हणून पदक मिळाले.

त्यानंतर कोमा पुन्हा टी-वनकडे आले. २०२४ आणि २०२५ साली त्या संघाने जागतिक स्पर्धा जिंकली. २०२५ चा अंतिम सामना पाचव्या डावापर्यंत गेला होता. वीर राखून ठेवण्याचा हिशेब तिथे कामी आला.

"आज पुरे" म्हणणारा माणूस

या खेळात हाडे मोडत नाहीत, पण शरीर झिजते. मनगट दुखते. पाठ धरते. झोप मोडते. चीनचा 'उझी' हा फार नामांकित खेळाडू. २०२० साली, तेविसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याला मधुमेह जडला होता. रात्रीची जागरणे, वेळी-अवेळी खाणे, वाढलेले वजन आणि मनावरचा ताण ही कारणे त्याने स्वतः सांगितली. पुढे तो काही काळ खेळायला परतला. पण ऐन भरातली वर्षे गेली ती गेलीच.

म्हणून चांगला प्रशिक्षक तासांचाही हिशेब ठेवतो. पोरगा म्हणतो, "आणखी एक डाव खेळू द्या." प्रशिक्षक म्हणतो, "ऊठ, जेव आणि झोप." पिकाला पाणी लागते. पण पाणी साचले की मुळे कुजतात. सरावाचेही तसेच आहे.

मनाचीही मशागत करावी लागते. डेन्मार्क देशात 'ॲस्ट्रालिस' नावाचा संघ होता. तो 'काउंटर-स्ट्राइक' हा बंदुकींच्या चकमकीचा खेळ खेळतो. खेळाडू चांगले होते, पण ऐन मोक्याच्या सामन्यात हरायचे. मग संघाने मानसशास्त्र जाणणाऱ्या बाईंची मदत घेतली. प्रशिक्षक डॅनी सोरेनसन यांनीही संघाला नवी शिस्त लावली. २०१७ च्या जानेवारीत या संघाने अटलांटाची मोठी स्पर्धा जिंकली. २०१९ अखेर अशा चार मोठ्या स्पर्धा त्याच्या नावावर होत्या. मन घडले होते.

वस्तादाचीही परीक्षा

वस्ताद चांगला असला तर तालीम तरते. तोच घसरला तर?

याच 'काउंटर-स्ट्राइक' खेळात प्रशिक्षक पूर्वी डाव चालू असताना सतत सूचना देत. पाच जणांच्या खेळात तो सहावा खेळाडूच होऊन बसला. म्हणून २०१६ साली नियम झाला की प्रशिक्षकाने फक्त ठरावीक विश्रांतीतच बोलायचे.

पुढे त्या खेळात एक दोष सापडला. त्यामुळे प्रशिक्षकाला मैदानातली अशी जागा दिसे, जी त्याला दिसायला नको होती. शत्रू कुठे लपला आहे तेही कळे. काही जणांनी तो दोष कळवला नाही, त्याचा फायदा घेतला. काही नुसते गप्प बसले. जुने सामने पुन्हा तपासले तेव्हा हे उघडे पडले. सप्टेंबर २०२० मध्ये ३७ प्रशिक्षकांवर बंदी आली. कोणावर काही महिन्यांची, कोणावर त्याहून पुष्कळ मोठी.

खेळाडू मात्र जीव तोडून खेळत होते. जिंकल्याचा त्यांचा आनंदही डागाळला. शिकवणाऱ्याने खोटेपणा केला की शिकणाऱ्याच्या घामाची किंमत जाते.

आपल्या घरात

आता आपल्या घराकडे वळू. मोबाइल आज घरोघर आहे. मुलगा तासन्‌तास खेळतो आणि म्हणतो, "मी पण मोठा खेळाडू होईन." त्याला काय सांगावे?

पहिली गोष्ट. पैसे लावून खेळायचे खेळ निराळे आणि ई-स्पोर्ट्स निराळे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या देशात कायदा झाला. त्याने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली आणि ई-स्पोर्ट्सना खेळ म्हणून मान्यता दिली. म्हणून मुलगा काय खेळतो हे आधी नीट पाहावे. खेळात पैसे लावायला सांगत असतील तर तो खेळ लगेच बंद करावा.

दुसरी गोष्ट. लाखो मुले खेळतात, पण त्यावर पोट भरणारे फार थोडे. शाळा सोडून यामागे लागणे धोक्याचे आहे.

तिसरी गोष्ट. नुसते खेळणे म्हणजे सराव नव्हे. मातीत लोळले म्हणून कोणी पैलवान होत नाही. चूक दाखवणारा, वेळेवर थांबवणारा आणि खोटे जिंकू न देणारा माणूस पाठीशी असला, तरच त्याला तालीम म्हणायचे. तसा माणूस नसेल तर तो वेळ करमणुकीत गेला असे समजावे, आणि करमणुकीला किती वेळ द्यायचा हे घरातल्या मोठ्यांनी ठरवावे. "आज पुरे" हे शब्द तिथे आईबापांनाच म्हणावे लागतात.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. पाच चांगले खेळाडू असूनही संघाला प्रशिक्षक का लागतो?

२. डाव चालू असताना प्रशिक्षकाने बोलू नये, हा नियम तुम्हांला योग्य वाटतो का?

३. आपल्या गावात "आज पुरे" म्हणणारी माणसे कोण कोण आहेत?