अठ्ठावन्न पूर्ण झाली; आता काम किती करायचे?



गाळप हंगाम आटोपला की ऊसनोंदीच्या निमित्ताने गट कार्यालयात सभासदांची ये-जा सुरू होते. नोंद उसाची असते, पण बोलणे घरचे निघते. त्यात एक प्रश्न आम्हास वरचेवर ऐकू येतो. कोणी एस.टी.तून, कोणी महावितरणमधून, कोणी एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेला असतो. तो म्हणतो, "साहेब, अर्धवेळ पुन्हा या म्हणतात. जाऊ का शेती पाहू?" दुसरा निव्वळ शेतकरी. त्याला निवृत्तीची तारीखच नाही. तो म्हणतो, "पोरगं म्हणते आता बसा. पण बसून गमत नाही."

दोघांचा प्रश्न एकच आहे. आमचे मत असे की, अंगात ताकद असेतो अर्धे काम जरूर ठेवावे. मात्र ते आपण निवडून घ्यावे आणि त्याचा हिशेब आधी मांडावा.

प्रथम नोकरीवाल्या सभासदांचा हिशेब पाहू. सहकारी कारखाने, एस.टी. वगैरेंच्या कामगारांना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'ई.पी.एस. ९५', लागू झाली. किमान १० वर्षे सेवा भरली की ५८ व्या वर्षी पेन्शन मिळते. सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०, असे तिचे सूत्र. सप्टेंबर २०१४ पासून या हिशेबात पगाराची मर्यादा १५,००० रुपये ठरली. म्हणजे त्यानंतर नोकरीस लागून १० वर्षे भरलेल्यास, त्या मर्यादेने, महिना सुमारे २,१४२ रुपये बसतात. किमान पेन्शन त्याच वेळी १,००० रुपये ठरली. एवढ्यात दोन माणसांचे दवाखान्याचेही भागत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. ही किमान पेन्शन ७,५०० रुपये व त्यावर महागाई भत्ता अशी व्हावी, या मागणीचे देशव्यापी आंदोलन आपल्या बुलढाण्यातूनच उभे राहिले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील संघर्ष समितीने डिसेंबर २०१८ मध्ये बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू केले, हे आपणांस ठाऊक आहेच.

आता दोन गैरसमज. पुन्हा काम धरले तर पेन्शन बंद होईल, ही भीती या योजनेपुरती खरी नाही. ५८ पूर्ण झाल्यावर नोकरी चालू असली तरी पेन्शन घेता येते. दुसरा समज असा की, पेन्शन उशिरा घेतली तर मोठा फायदा होतो. २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे ६० पर्यंत थांबल्यास वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. वरच्याच उदाहरणात, वर्गणी न भरता दोन वर्षे थांबल्यास २,१४२ चे २,३१७ होतात. महिना १७५ रुपये वाढले. पण दोन वर्षांचे ५१,४०८ रुपये सोडावे लागले. ते भरून यायला साडेचोवीस वर्षे लागतात, तोवर वय होते साडेचौऱ्याऐंशी! तेव्हा कागद-पेन्सिल घेऊनच निर्णय करावा. पुन्हा कामावर जायचे ठरल्यास तास किती, मानधन किती, रात्रपाळी आहे का, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी घ्यावे. नुसत्या "या हो, आपलेच आहे" वर जाऊ नये.

शेतकरी सभासदाचे दुखणे निराळे. २०१९ साली सुरू झालेल्या किसान मानधन योजनेत साठीनंतर महिना ३,००० रुपये आहेत. पण प्रवेश १८ ते ४० वयाच्या, २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यालाच. ती आपल्या मुला-सुनांसाठी पाहावी. आपली पेन्शन म्हणजे आपला ऊस. म्हणून कोणते काम ठेवावे आणि कोणते सोडावे, हे महत्त्वाचे.

रात्रीचे ओलीत आधी सोडावे. ओल्या बांधावर पाय घसरतो, विंचू-काट्याचे भय, शिवाय ज्ञानगंगा अभयारण्याकडच्या गावांत अस्वलाची धास्ती. औषध फवारणी व मोळ्या उचलणेही सोडावे. ठेवावी ती नजरेची कामे. बेणे निवडताना जुन्या माणसाचा हात लागतो. डोळा फुगीर, बेणे ९ ते ११ महिन्यांचे, कांडी निरोगी, हे तो लांबून ओळखतो. एक डोळ्याची रोपवाटिका तर या वयासाठीच आहे. पाच फूट सरी व दोन फूट अंतर धरल्यास एकरी ४,३५६ रोपे लागतात. नांग्या भरायला थोडी जादा करावीत. सावलीत, सकाळचे दोन तास, महिना-दीड महिना एवढेच काम. आणि रोपे विकली तर चार पैसे स्वतःच्या हातात.

परंतु अर्धे काम धरून अधिकार मात्र पूर्ण ठेवला, तर घरात धुसफूस होणारच. चाळिशीचा मुलगा डिझेलला पैसे मागत उभा राहतो, हे बरे दिसत नाही. एखादा प्लॉट बियाण्यापासून बिलापर्यंत त्याच्याकडे द्यावा आणि मधे बोलू नये. मात्र कारभार देणे वेगळे आणि सातबारा देणे वेगळे. "करून टाका माझ्या नावावर" म्हटले की लगेच अंगठा करू नये. जमीन द्यायचीच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात, अशी अट न पाळल्यास हस्तांतर रद्द करून मागण्याची सोय आहे. मुलगा वाईट निघेल म्हणून नव्हे. पुढे दोघांच्याही मनात किंतु राहू नये म्हणून.

आणखी एक. आपण अर्ध्यावर आलो, पण घरच्या माउलीचे काय? पहाटेचा चहा, गोठा, निंदण, स्वयंपाक, हे तिचे साठीनंतरही चालूच असते. तिचेही अर्धे उतरले पाहिजे.

आपल्याकडे सालदाराचे साल पाडव्याला ठरते. काम काय, मोबदला किती, सुट्टी केव्हा, सगळे बोलून ठरते. येत्या पाडव्याला घरच्या सर्वांना बसवून आपलेही साल तसेच ठरवावे, आणि दरवर्षी तब्येत पाहून नव्याने ठरवावे. जन्मभर दुसऱ्याचे साल ठरवले. आता एकदा आपले ठरवू या.