साइड पॅनल फेकू नका, आधी पाठ बघा

आमच्या शहापुरात जुन्या आरएक्स १०० आणि स्प्लेंडर अजून ढिगाने आहेत. इंजिन ठणठणीत असतं, पण साइड पॅनलची खुंटी तुटलेली आणि पॅनल दोरीने बांधलेलं. खुंटी तुटते कारण आतला रबर कडक होतो आणि आपण पॅनल हिसकून ओढतो.

पॅनल उलटं करा. आतल्या बाजूला बहुतेक वेळा बारीक अक्षरांत 'एबीएस' किंवा 'पीपी' लिहिलेलं असतं. एबीएस म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांचं प्लास्टिक, ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. त्याच जातीच्या भंगार पॅनलचे तुकडे काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी इडलीच्या पिठाएवढा घट्ट लगदा होतो. भेग आतून खरवडून तो भरा. पूर्ण दिवस हात लावायचा नाही! (मी लावला होता. बोटाचा ठसा अजून आहे.)

भेगेच्या टोकाला आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर ती पुढे धावते. मजबुतीला चहाच्या जुन्या गाळणीची स्टीलची जाळी कापून सोल्डरिंग गनने आतून रुतवा. धूर वाईट असतो, अंगणातच करा. अ‍ॅसिटोन मात्र आगीपासून लांब. बाहेरच्या रंगावर थेंब पडला की रंग गेलाच.

पीपीवर, म्हणजे पॉलिप्रोपिलीनवर, हा लगदा चिकटतच नाही. तिथे पीपीच्याच पट्टीने वेल्डिंग.

आणि हो, रबर नवे घाला. बसवताना साबणाचं पाणी लावा.