जमीन सरकारची, घाम आपला, मग हिशेब कोणाकडे?



आपल्या समाजातले बहुतेक लोक इस्राएलात आल्यावर शहरांत राहिले. जे थोडे मोशावात गेले, त्यांच्यापैकी एका मावशींची गोष्ट आम्ही पुष्कळदा ऐकली आहे. मावशी अलिबागकडच्या. दक्षिणेतल्या एका मोशावात घर मिळालं, कोंबड्यांचे गाळे मिळाले, तीस दुनाम जमीन मिळाली. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मोशावच्या मझकीरला, म्हणजे सेक्रेटरीला, विचारलं, "आमचा सातबारा कुठे मिळेल?" मझकीर रुमानियाचा. त्याला वाटलं, बाई काहीतरी खायची वस्तू मागतेय. त्याने दुकानाकडे बोट दाखवलं.

गोष्ट सांगताना आम्ही हसतो, पण मावशींचा प्रश्न अगदी रास्त होता. बाळांनो, तुम्हाला सातबारा माहीत नसेल. महाराष्ट्रात शेत कोणाच्या नावावर आहे, त्यात पीक कोणतं, त्यावर बोजा किती, हे ज्या सरकारी उताऱ्यावर लिहिलेलं असतं तो सातबारा. तुमच्या आजोबांना त्या कागदाची फार किंमत. कोकणात खोत आणि सावकार यांची जमीन, राबणारं कूळ वेगळं, असा प्रकार गावोगावी होता. स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि पुष्कळ कुळं त्या दिवसापासून मालक मानली गेली. कसेल त्याची जमीन, असं ऐकत ऐकतच मावशी मोठ्या झाल्या होत्या.

इथे मात्र तसं नाही. १९०१ साली बासेलच्या पाचव्या झायोनिस्ट काँग्रेसमध्ये केरेन कायेमेत स्थापन झाली तेव्हाच ठरलं, की जमीन विकत घ्यायची पण पुन्हा विकायची नाही. तोरामध्ये वायिक्राच्या २५ व्या अध्यायात जमीन कायमची विकू नये आणि पन्नासाव्या वर्षी, योवेलला, ती मूळ घराण्याकडे परत जावी, असं सांगितलं आहे. तोच धागा धरून भाडेपट्टा ४९ वर्षांचा ठेवला गेला. पुढे १९६० मध्ये क्नेसेतने सरकारी जमिनीचा मूलभूत कायदा केला. आज देशातली सुमारे ९३ टक्के जमीन सार्वजनिक आहे, त्यातली साधारण १३ टक्के केरेन कायेमेतची. कारभार पूर्वी 'मिनहाल' बघायचं, आता 'रशूत' बघते. २००९ च्या सुधारणेनंतर शहरातल्या कितीतरी फ्लॅटवाल्यांना मालकी मिळाली, पण शेतजमिनीला ती लागू नाही.

म्हणजे मावशींची तीस दुनाम (एक दुनाम म्हणजे आपले जवळजवळ दहा गुंठे, तेव्हा सात एकरांच्या वर) ही त्यांची 'नहाला', वहिवाटीची. मालकीची नाही. ती तोडून वाटता येत नाही, आणि पुढे मुलांपैकी एकालाच मिळते. त्याला 'बेन ममशिख' म्हणतात. तीन मुलं असलेल्या घरात यावरून काय होतं, ते आम्ही लिहायला नको.

मग मालक सरकार, तर रोजचं लक्ष कोण ठेवतं? तिथे तीन घरं आहेत आणि भलेभले लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली 'अगुदा'. ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था, आपल्या गावच्या सोसायटीसारखी. जमिनीचा करार, पाण्याचा कोटा, कर्ज, पॅकिंग हाऊस हे तिच्याकडे. ती सहकारी संस्थांच्या रजिस्ट्रारला बांधलेली, आणि तिचा कायदा ब्रिटिश अमदानीतला, १९३३ चा. दुसरा 'वाआद', म्हणजे ग्रामपंचायत म्हणा: दिवे, बाग, साफसफाई. आणि वर 'मोआत्सा एझोरीत', म्हणजे प्रादेशिक परिषद, जिच्या हाताखाली अशी अनेक गावं. देशात अशा ५४ परिषदा आहेत. गावागावातून प्रतिनिधी जातो, प्रमुख थेट मतदानाने निवडला जातो. वाआदचं अंदाजपत्रक मोआत्साने मंजूर करायचं असतं, आणि मोआत्साचा स्वतःचा 'मेवाकेर', म्हणजे तपासनीस असतो. हे सगळं १९५८ च्या हुकुमाने चालतं. मुंबई ग्रामपंचायत कायदाही १९५८ चाच. योगायोग, पण आम्हाला त्याची गंमत वाटते.

आता बाई, एवढी घरं असताना घोळ व्हायला नको ना? झाला, आणि फार मोठा झाला.

मोशावात एकमेकांची हमी घ्यायची रीत होती. शेजाऱ्याचं कर्ज बुडालं तर आपण भरायचं. नहालालपासून, म्हणजे १९२१ पासून, मोशाव उभा राहिला तो या एकमेकांच्या आधारावर. पण १९८४ मध्ये महागाई वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर गेली. १९८५ ला सरकारने ती आवरली, व्याज मात्र चढंच राहिलं. अगुदांनी सभासदांच्या नावावर उचललेली कर्जं फुगत गेली. मावशींचे यजमान सभेत मागच्या बाकावर बसायचे. हिब्रू बोलायचे बरं, वाचायला मात्र जड. सगळ्यांनी हात वर केला की तेही करायचे, कागद पुढे आला की सही. एक दिवस कळलं, की ज्या लोकांच्या घरी कधी चहा घेतला नाही त्यांच्या ट्रॅक्टरचंही कर्ज आपल्या डोक्यावर आहे. १९९२ मध्ये 'गाल कायदा' आला, प्रत्येक शेतकऱ्याचं कर्ज तपासून काही भाग माफ झाला, बाकीचे हप्ते ठरले. मावशींच्या घरचे हप्ते संपेपर्यंत काका हयात नव्हते.

तेव्हापासून मावशी सभेला स्वतः जातात, वही घेऊन. वही मराठीत.

नव्वदच्या दशकात मोशावांना 'हरखावा', म्हणजे नवी घरं बांधून वस्ती वाढवायला परवानगी मिळाली. शहरातली तरुण कुटुंबं आली. ती वाआदचा कर भरतात, पण अगुदाचे सभासद नाहीत. बऱ्याच ठिकाणी अगुदाची कमिटी आणि वाआद ही तीच माणसं, आणि म्हणूनच पैसे कुठल्या खिशातून कुठल्या खिशात गेले हा प्रश्न उठतो. नवे लोक म्हणतात, कमिट्या वेगळ्या करा. जुने म्हणतात, काल आलेले आम्हाला शिकवणार. आम्हाला विचाराल तर नव्या लोकांचं बरोबर आहे, आणि हे लिहिल्याबद्दल दोन-तीन काका आमच्याशी बोलायचे नाहीत.

रिकाम्या कोंबड्यांच्या गाळ्यांचंही तसंच. अंड्यांत मिळकत उरली नाही म्हणून लोक गाळे गोदामाला भाड्याने देतात. शेतजमिनीवर धंदा, तोही परवानगीशिवाय. "आर्नोना घ्यायलाही तेच येतात, नोटीस लावायलाही तेच येतात," असं मावशी म्हणतात. नोटीस नियमाप्रमाणेच आहे हे त्यांनाही माहीत आहे.

शहरातल्या वाचकांना वाटेल, आम्हाला काय त्याचं? दिमोना, येरूहामच्या मंडळींनी जरा नकाशा बघावा. मृत समुद्राचे कारखाने आणि हॉटेलं तामार प्रादेशिक परिषदेच्या हद्दीत आहेत, जिथे दोन हजारही रहिवासी नाहीत. पहाटेच्या बसने कामाला दिमोनाची माणसं गेली, पण आर्नोना जमा झाला परिषदेकडे. शाळा, दवाखान्याची वाट, म्हाताऱ्यांचं क्लब-घर हे सगळं त्याच पैशातून होतं, हे लक्षात घ्या. अशी हद्द आणि मिळकत वाटून द्यायला गृहखात्याच्या भौगोलिक समित्या असतात आणि तिथे नागरिकाला आपलं म्हणणं मांडता येतं. आपले लोक तिथे फारसे दिसत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मावशींबरोबर त्यांच्या मोशावच्या सभेला गेलो. ऐंशी खुर्च्या मांडलेल्या, माणसं सव्वीस. मझकीर आता नवा, तरुण, भराभर वाचत होता. पॅकिंग हाऊसचं छप्पर, एवढे एवढे शेकेल, हरकत नाही ना? मावशींनी हात वर केला. "अंदाजपत्रक किती जणांकडून मागवलं?" एकाकडून. "मग आणखी दोघांकडून मागवा. आणि हे अगुदाच्या खात्यातून जाणार की वाआदच्या?" मझकीरने कागद उलटसुलट केले. मोआत्साचा प्रतिनिधी मागे बसला होता, त्याने लिहून घेतलं. विषय पुढल्या सभेवर गेला.

घरी परतताना नातीने विचारलं, "साफ्ता, तू एवढं कशाला विचारतेस? छप्पर तर तुझं नाही."

मावशींनी उत्तर दिलं नाही. त्या नातीची आईच बेन ममशिख आहे, मुलगी असली तरी. दोघा मुलग्यांनी सही करून दिली आहे, एकाने लगेच, दुसऱ्याने चार वर्षांनी. रशूतची फाईल कपाटात काकांच्या तल्लीथच्या पिशवीखाली ठेवलेली असते. पुढली सभा पेसाखनंतर आहे. दोन अंदाजपत्रकं आलीत, तिसऱ्याची मावशी वाट बघताहेत.